टपावरचा दिवा

लोंग तेरावान,
४ मार्च २०१३

प्रिय युनिया,

देवाच्या कृपेनं इकडे सगळं ठीक आहे. भात कापून झाला, म्हशी मोकळ्या सोडल्या, त्यामुळे रस्त्यावर आता माणसांपेक्षा त्याच जास्त भेटतात.

काम आहे म्हणून लिहितो. टेकडीवर चढून फोन लावला असता, पण तिथं वारा एवढा असतो की तू 'काय? काय?' करत बसतेस आणि मी 'काही नाही' म्हणून खाली उतरतो.

आपल्या दवाखान्यातल्या नर्सबाई आणि चर्चचे पंच मिळून घरी आले होते. रात्री कुणी आजारी पडलं तर खाली लावास शहरातल्या इस्पितळात पोचवशील का, असं विचारत होते. विमान दुपारनंतर येत नाही आणि धुकं असलं तर सकाळीही येत नाही. आधी ते बुआसकडे गेले होते, कारण गावात पिकअप असलेले आम्ही दोघेच. तो म्हणाला, रात्री मी फक्त घोरतो. मग मी हो म्हटलं.

आता अडचण दिव्यांची. माझ्या हायलक्स पिकअपचे पुढचे दिवे म्हणजे मेणबत्त्या. बंपरवर जे दोन गोल दिवे होते, त्यातला एक लाकडाच्या ट्रकनं उडवलेल्या दगडानं फुटला. दुसऱ्यात पाणी साचलंय, त्यात मासा तेवढा सोडायचा राहिलाय. लावासचा दुकानदार चिन दर खेपेला नवीन काहीतरी काढून दाखवतो. एक लांब, एक गोल, एक निळसर. सगळ्यांबद्दल एकच सांगतो, 'यानं रात्रीचा दिवस होतो.' मला दिवस नको. पुढचा खड्डा त्यात पडायच्या आधी दिसला तरी पुष्कळ.

तुझ्या कारखान्यात दिवे बनतात. तू तिथं नेमकं काय करतेस हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुझ्या आईनं चर्चमध्ये सांगून ठेवलंय की आमची युनिया उजेड मोजते. लोक मला विचारतात, मापानं मोजते की वजनानं? मी म्हणतो, दोन्हींनी. तर कुठला दिवा घ्यावा ते कळव.

तुझा बाबा,
लाबुंग

युनिया, डोंगरातलं मीठ पाठवतेय. तुझ्या खोलीतल्या शांतीलाही दे. 'रात्री जाऊ नका' असं मी सांगितलं होतं, ते तेवढं यांनी पत्रात घातलेलं नाही. — आई


बायान लेपास, पेनांग
१९ मार्च २०१३

प्रिय बाबा आणि आई,

मीठ मिळालं. शांतीनं ते कैरीला लावून लावून अर्धं संपवलंसुद्धा.

बाबा, उजेड मी मोजत नाही, यंत्र मोजतं. मी एका लांबलचक काळ्या खोलीत यंत्रावर दिवा बसवते आणि दार लावते. समोरच्या भिंतीवर कुठे किती उजेड पडला ते यंत्र सांगतं. ठरल्यापेक्षा कमीजास्त असेल तर तो दिवा मी बाजूला काढते. चर्चमध्ये हे सांगितलं तर आईची शान जाईल, म्हणून उजेड मोजते असंच राहू द्या.

चिन काकांकडून काही घेऊ नका, आधी माझं ऐका. जादा दिवे दोन जातींचे असतात. एकाचा झोत बारीक आणि लांब. तो सरळ रस्त्यावर जोरात जाणाऱ्यांसाठी. दुसऱ्याचा आखूड पण पसरट. तो कडेचा नाला आणि वळणाची आतली बाजू दाखवतो. आपल्या रस्त्यावर सरळ असं काय आहे? चर्चसमोरचा तुकडा! बाकी तुम्ही सायकलच्या वेगानं जाता. लांबचा झोत घेतलात तर प्रत्येक वळणावर तो दरीतल्या झाडांवर पडेल. तुम्हाला झोपलेली माकडं दिसतील, रस्ता दिसणार नाही.

कामगारांना वर्षातून एकदा कारखान्यातला एक दिवा घेता येतो. मी हातभर लांबीची पट्टी घेतली आहे. मधले दिवे लांब झोताचे, कडेचे पसरट, म्हणजे दोन्ही कामं होतील. ती बंपरवर लावायची, नंबरपाटीच्या वर. टपावर लावायची नाही. टपावरून उजेड बॉनेटवर सांडतो आणि तिथून डोळ्यांत येतो, असं आमच्या पुस्तकात दिलंय. चित्र काढून जोडलंय. वायर जाड घ्या, फ्यूज वेगळा टाका, आणि बटणापर्यंत सगळा विजेचा भार नेऊ नका, मध्ये रिले बसवा. चिन काकांचा पुतण्या हे करून देईल. त्याला चित्र दाखवा.

आई, रात्री जाऊ नका असं तू म्हणालीस हे मी वाचलं. पण कुणी बोलवायला आलं तर तूच यांची चप्पल शोधून देशील, हेही मला माहीत आहे.

युनिया


लोंग तेरावान,
८ एप्रिल २०१३

प्रिय युनिया,

दिवा आला. विमानातून आला. खोक्यावर तुझं अक्षर होतं. पायलटनं विचारलं, 'यात काय आहे?' मी म्हटलं, 'उजेड. वजन काही नाही त्याला.'

चिनच्या पुतण्यानं वायर ओढून दिली. जाड घेतली. फ्यूज घातला, रिले घातला. जागा नीट विचार करून निवडली.

दिवा चांगला आहे. चढावर लावला तर वरच्या वळणावरच्या झाडाची पानं मोजता येतात. दोन खेपा झाल्या, एकदा ताप आलेला एक म्हातारा आणि एकदा नर्सबाई स्वतः. बुआस म्हणतो, 'लाबुंग, तू काय विमानतळ उघडलास का?' मी उत्तर देत नाही. ज्याची लेक दिवे पाठवत नाही त्याच्याशी कसला वाद घालायचा.

लाबुंग

युनिया, हे रात्री परत येतात तेव्हा मला खिंडीपलीकडूनच कळतं. आधी आभाळ उजळतं, मग झाडांचे शेंडे, मग गाडी दिसते. तेवढ्यात मी भात गरम करून घेते. गावातली पोरं ओरडत सुटतात, 'युनियाचा दिवा आला!' बाबा तुला हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. — आई


बायान लेपास,
२५ एप्रिल २०१३

प्रिय बाबा आणि आई,

खिंडीपलीकडून! आईच्या ओळी मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मलयमध्ये करून वाचून दाखवल्या. शांतीनं दोनदा वाचायला लावलं. आमच्या सुपरवायझर ओई बाई कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, एवढ्या खाली लावलेला दिवा एवढ्या लांबून दिसतो म्हणजे तुमच्याकडची हवा फार स्वच्छ असणार. मी म्हटलं, आहेच.

आमच्याकडून दिवे खोक्यांत भरून जातात. पुढं ते कुठल्या गाडीवर बसले, कुणाला काय दिसलं, हे कुणी कळवत नाही. म्हणून एक काम करा. गाडीचा समोरून एक फोटो काढून पाठवा. ओई बाई तो फलकावर लावणार आहेत. आणि धुक्यात कसा चालतो ते सविस्तर लिहा. खिंडीतल्या धुक्याबद्दल मी त्यांना इतकं सांगितलंय की त्यांना ते खोटंच वाटतं.

युनिया


लोंग तेरावान,
३ जून २०१३

प्रिय युनिया,

पत्र मिळालं. उशीर झाला, कामं होती.

दिव्याला काही झालेलं नाही, चांगला आहे. धुक्याचं म्हणशील तर दाट धुक्यात सगळे दिवे सारखेच. फोटो काढायला इथं कुणाला वेळ नाही आणि गाडी सध्या चिखलानं भरलेली आहे. तुझ्या बाईंना सांग, पुढं बघू.

आई कामात आहे. जपून राहा.

लाबुंग


बायान लेपास,
१७ जून २०१३

प्रिय बुआस काका,

हे पत्र मी मुद्दाम लावासला चिन काकांच्या पत्त्यावर तुमच्या नावानं टाकते आहे. घरी कळू देऊ नका.

बाबांचं पत्र आलं. त्यात खाली आईची ओळ नाही. मी पेनांगला आल्यापासून आईच्या ओळीशिवाय एकही पत्र आलेलं नाही. ती शेतावर निघालेली असली तरी उभ्या उभ्या दोन शब्द खरडते. बाबा म्हणतात, ती कामात आहे. आणि म्हणतात, दाट धुक्यात सगळे दिवे सारखेच. बाबा दिव्यांबद्दल असं बोलत नाहीत. ते चिन काकांशी एका बल्बवरून अर्धा दिवस भांडू शकतात.

काय झालंय? आई बरी आहे का? जे असेल ते लिहा. मी लहान नाही.

युनिया


लावास,
३० जून २०१३

प्रिय युनिया,

तुझ्या आईबापाला मी शब्द दिला होता, की युनियाला आपणहून काही कळवणार नाही. आता तू विचारलंस, म्हणजे ते आपणहून राहिलं नाही. चिनच्या दुकानात खोक्यावर बसून लिहितोय.

आधी हे वाच. आई बरी आहे. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. डाव्या हातानं सगळं करते आणि दोन्ही हात धड असताना ओरडायची त्यापेक्षा जास्त ओरडते. ओळ यासाठी नाही, की डाव्या हाताचं अक्षर पाहून तुला कळेल. आता बाकीचं सावकाश वाच.

मे महिन्यात मला मुतखड्याची कळ आली. बाळंतीण बरी असं मी ओरडत होतो, हे सगळ्या गावानं ऐकलं. माझी बायको सीमेपलीकडे बहिणीकडे गेलेली. नर्सबाई म्हणाल्या, सकाळपर्यंत थांबू नका. लाबुंग गाडी घेऊन आला. तुझी आई म्हणाली, 'एवढं ओरडणाऱ्या माणसाला एकटं कसं पाठवायचं?' आणि पुढे चढून बसली. मला मागच्या सीटवर आडवं टाकलं.

आता दिवा कुठे होता ते तुला माहीत नसेल. बंपरवर नव्हता. टपावर होता, मधोमध, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. चिनच्या पुतण्यानं तुझं चित्र पुढं धरलं होतं. तुझा बाप त्याला म्हणाला, 'बंपरवर लावला तर तो माझ्या एकट्याला दिसेल.'

निरभ्र रात्री तिथंही तो झकास चालायचा, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री खिंडीत धुकं असं बसलं होतं की म्हैस अंगावर आली असती तरी आधी शेपूट हाताला लागलं असतं. लाबुंगनं दिवा लावला आणि पोरी, समोर भिंतच उभी राहिली. चुना मारलेली पांढरी भिंत. बॉनेट चमकतंय, धुकं चमकतंय, रस्ता गायब.

'बंद कर,' मी मागून म्हटलं.

'तू झोप.'

'अरे भिंत दिसतेय, भिंत!'

'उजेड आहे तो. तुला सवय नाही उजेडाची.'

'रिबका, तू तरी सांग याला.'

तुझी आई म्हणाली, 'अहो, करा ना बंद थोडा वेळ.'

'लेकीनं पाठवलाय,' तो म्हणाला. एवढंच.

त्या दिव्याला मी विमानतळ म्हटलं होतं, सर्कस म्हटलं होतं. आता माझ्यादेखत तो बंद करणं त्याच्यानं होईना. हे मला तेव्हा कळत होतं, आणि तरी कळवळत का होईना मी एक टोमणा मारलाच.

मग डावं चाक नाल्यात गेलं, डोंगराकडच्या. दुसऱ्या बाजूला काय आहे ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही. तुझ्या आईनं हात पुढं टेकवला होता, तो मोडला. ती ओरडली नाही. लाबुंगनं दिवा बंद केला, इंजिन बंद केलं आणि विचारलं, 'रिबका?' ती म्हणाली, 'हात.' माझी कळसुद्धा थांबल्यासारखी झाली होती.

त्यानं स्वतःचा शर्ट फाडून हात बांधला. विंचची तार झाडाला लावून गाडी वर ओढली. मी बसून सूचना दिल्या. पुढचा एक दिवा फुटला होता, दुसरा आभाळाकडे बघत होता. मग मी टॉर्च घेतली आणि गाडीपुढे चालायला लागलो. टॉर्च डोक्याशी धरली की रस्ता चटईसारखा सपाट दिसे. गुडघ्याशी धरली की चाकोरीची कड काळी उठून येई, खड्ड्यात सावली पडे. म्हणून तशीच वाकून धरली आणि खिंड उतरेपर्यंत चाललो. दर वळणावर ओरडायचो. निम्मं दुखण्यानं आणि निम्मं तुझ्या बापाच्या नावानं.

इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं तर खडा नाहीच! चालण्यात पडला म्हणे. त्यामुळे लाबुंगला मनसोक्त शिव्या देण्याची सोयही राहिली नाही.

पण आता रात्री त्याच्या गाडीत कुणी बसत नाही. तोंडावर कुणी म्हणत नाही, सकाळी जाऊ म्हणतात. परवा एका बाईनं दम्याच्या झटक्यात रात्र बसून काढली. सकाळी मी नेलं तिला. वाचली. तुझ्या बापानं तो दिवा उतरवलाय आणि कापडात गुंडाळून भाताच्या कोठारात ठेवलाय. सकाळी भात काढायला जातो तेव्हा हल्ली त्याला जरा जास्त वेळ लागतो.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, त्याला तसंही कळणारच.

तुझा काका,
बुआस


बायान लेपास,
१४ जुलै २०१३

बाबा,

मला सगळं कळलं. कुणाकडून ते विचारू नका, तुम्हाला माहीत आहे.

आईचा हात मोडला आणि तुम्ही मला लिहिलंत, 'आई कामात आहे.' मी आधी रडले. मग इतका राग आला की शांती म्हणाली, इतक्यात पत्र लिहू नकोस. म्हणून थोडे दिवस थांबून आज लिहिते आहे, आणि राग अजून आहे.

आईच्या एप्रिलमधल्या ओळी मी पुन्हा काढून वाचल्या. आधी आभाळ, मग झाडांचे शेंडे, मग गाडी. बंपरवरच्या दिव्यानं शेंडे कसे उजळतील? दिवसभर भिंतीवरचा झोत बघणारी मी, आणि हे वाचून मला कळलं नाही. उलट मी ते सगळ्यांना वाचून दाखवत सुटले.

टपावर का लावलात ते काकांनी लिहिलंय. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आता दिव्याचं. आमच्या काळ्या खोलीत धुकं तर सोडाच, धूळसुद्धा नसते. म्हणून मी आणि शांतीनं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चार पातेली उकळत ठेवली, खिडक्या लावल्या, आणि वाफ दाटल्यावर टॉर्च आधी डोळ्यांशी धरली, मग गुडघ्याशी. काका म्हणतात तसंच झालं. वरून धरली की वाफच तेवढी दिसते. खालून धरली की उजेड वाफेखालून सरपटत जातो आणि फरशीच्या फटीसुद्धा दिसतात. वॉर्डनबाई ओरडल्या, ते वेगळं.

शांतीच्या नावावर घेतलेली दोन छोट्या दिव्यांची जोडी पाठवते आहे. झोत पसरट आहे आणि त्याची वरची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ आहे. म्हणजे उजेड वर चढत नाही. रंग पिवळा. पिवळ्यानं धुकं फाटतं असं चिन काका म्हणतील, तर ते खोटं आहे. पण पांढऱ्यासारखा तो डोळ्यांना टोचत नाही. बंपरच्या खाली, जमेल तितके खाली लावा. तोंड जरासं खाली आणि दोन्ही थोडे बाहेरच्या बाजूला वळवलेले. लावून झाले की धुक्यात जाऊन बघा, एकटे जाऊ नका, आणि जे दिसेल ते खरं लिहा. वाईट असतील तर वाईट लिहा. मला चांगलं वाचायचं नाही, खरं वाचायचंय.

आणि ती लांब पट्टी कोठारातून बाहेर काढा. तिचा काय दोष?

युनिया


लोंग तेरावान,
२ सप्टेंबर २०१३

प्रिय युनिया,

रागावलीस ते बरं केलंस. इथं सगळे माझ्याशी गोड बोलत होते, त्याचाच त्रास जास्त होत होता.

बुआसशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण दिवे लावताना दुसरं माणूस लागतं आणि तुझ्या आईचं प्लास्टर निघालेलं असलं तरी तिला जोर देऊ नको म्हणून सांगितलंय. म्हणून त्याला बोलावलं.

आम्ही गाडी खिंडीत नेली, दिवे आधी बांबूला बांधले आणि वरखाली करून बघितले. धुकं यायची वाट बघत दोन वेळा डबा खाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी आलं. तू म्हणतेस तितके खाली चालत नाहीत. नदी ओलांडताना बुडतात आणि पुढच्या चाकाचे दगड बसतात. म्हणून वीतभर वर घेतले आणि पुढं लोखंडी जाळी लावली. खड्ड्याला सावली तरीही पडते. दोन्ही बाहेर वळवायचं तुझं म्हणणंही मी मानलेलं नाही. डावा वळवलाय, नाल्याकडे. उजवा सरळ ठेवलाय. उजवीकडे दरी आहे, ती उजेडात बघून काय करायचंय?

जे दिसलं ते खरं लिहितो. धुक्यात लांबचं काही दिसत नाही. दोन गाड्यांच्या लांबीएवढं दिसतं, पण तेवढं नक्की दिसतं. बुआस बॉनेटवर बसून होता. तो म्हणाला, 'आता यात नावं ठेवायला काही उरलं नाही, मी घरी जातो.'

लांब पट्टी परत टपावर लावलीय. रागावू नकोस. निरभ्र रात्री लोक रस्त्यावर वाट बघत असतात, त्यांना लांबून कळतं. पण तिचा फ्यूज तुझ्या आईच्या पिशवीत असतो. मला हवा असेल तर मागावा लागतो, आणि ती आधी आभाळाकडे बघते.

पहिल्या रात्री गाडीत बसायला कुणी तयार नव्हतं. पाद्री म्हणाले, 'मी बसतो. परत नाही आलो तर रविवारी सगळ्यांना सुट्टी.' मग नर्सबाईंनी परत रोगी पाठवायला सुरुवात केली.

आई कामात आहे असं लिहायला नको होतं.

लाबुंग

माझं अक्षर अजून वाकडं येतं. नाताळला ये. — आई


बायान लेपास,
१२ जानेवारी २०१४

प्रिय बाबा आणि आई,

पोचले. तांदूळ विमानात नीट आला, लोणचं सांडलं.

शेजारची तिपुंग आजी कशी आहे ते लगेच कळवा. इस्पितळात सोडली तेव्हा तिचे ओठ निळे होते, तेच सारखं डोळ्यांपुढं येतं. आईच्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि ती मला म्हणाली होती, 'पोरी, हळू चालव, माझ्या पोटात अंडी आहेत.' नर्सबाई न्यूमोनिया म्हणत होत्या, आणि हिला विनोद सुचत होते.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचंय. त्या दिवशी तुम्ही संध्याकाळी लावासहून परत आला होतात, पाठ धरून बसला होतात, आणि तेवढ्यात आजीसाठी बोलावणं आलं. मी म्हटलं, खिंडीपर्यंत मी चालवते. तुम्ही किल्ली दिलीत. शेतातल्या वाटेवर शिकवलंत त्यानंतर तुमच्यादेखत रात्री मी कधी चालवलं नव्हतं. खिंडीत धुकं लागलं. मी पिवळे दिवे लावले आणि पुढचे मोठे बंद केले. तुम्ही लिहिलंय तसंच, दोन गाड्यांएवढं दिसत होतं. मला वाटलं होतं, तुम्ही शेजारून सांगाल, डावीकडे घे, ब्रेक मारू नकोस. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. त्या नाल्याच्या वळणावर मी कडेला जरा जास्तच गेले, मलाच घाम फुटला, तरी तुम्ही गप्प. खिंड उतरल्यावर स्टिअरिंग मागाल असं वाटलं. मागितलंत नाही, म्हणून मी तशीच चालवत राहिले. मागून आईही काही बोलेना.

रागावला होतात का? घाईघाईत परत निघाले, विचारायचं राहून गेलं. कारखान्यात दिव्यांची धुक्यातही चाचणी घ्यावी, असं मी ओई बाईंना लेखी दिलंय. त्या म्हणाल्या, गाडी चालवणाऱ्याचं मत घे. म्हणून दिवे कसे पडत होते, मी कुठं कुठं चुकले, कुठला दिवा अजून वळवायला हवा, सगळं लिहा. तुम्ही शेजारी बसून पाहिलंय, त्यामुळे तुमच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. मला अहवाल हवा.

युनिया


लोंग तेरावान,
२७ जानेवारी २०१४

प्रिय युनिया,

तिपुंग आजी परवा घरी आली. लावासच्या इस्पितळातलं जेवण कसं वाईट आहे हे सांगत घरोघर फिरते आहे. छाती साफ आहे, असं नर्सबाई म्हणाल्या.

तू विचारलेल्यापैकी एकाही गोष्टीचं उत्तर मला देता येत नाही. धुकं किती होतं, दिवे कसे पडत होते, तू नाल्याकडे किती गेलीस, मला काही माहीत नाही. चर्च ओलांडल्याचं आठवतं. तू दुसरा गिअर टाकलास ते आठवतं. त्यानंतर एकदम तू इस्पितळाच्या फाटकाशी 'बाबा, उतरा' म्हणालीस ते.

मला झोप लागली होती. आई म्हणते, मी घोरतसुद्धा होतो. इंजिनाच्या आवाजात तुला कळलं नाही, आणि तिनं मुद्दामच तुला सांगितलं नाही.

मला दुसऱ्याच्या गाडीत झोप येत नाही. बसमध्ये नाही, विमानात नाही. बुआसच्या गाडीत तर पापणीसुद्धा लवत नाही. पाय सारखा ब्रेक शोधत असतो. या रस्त्यावर तर माझ्या स्वतःच्या बापाच्या शेजारीसुद्धा मी कधी डोळा मिटला नव्हता.

तुझ्या बाईंना अहवाल हवा असेल तर हेच लिहून दे. खिंडीत धुकं होतं, गाडी लेक चालवत होती आणि ड्रायव्हर शेजारी झोपला होता.

लाबुंग